वर्गातला एकच झाडू

ताईच्या वर्गात एकच झाडू होता, आणि तो नुसता कचऱ्यासाठी नव्हता. आधी तो रागासाठी होता. तिचा नियमच तसा: राग आला असेल त्यानं कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. गुपचूप कोपऱ्यात जायचं, झाडू घ्यायचा आणि डोकं थंड होईपर्यंत भुसा गोळा करत राहायचं. रागावलेला हात घाई करतो, आणि सुतारकामात घाई केली की रक्त येतं, असं तिचं म्हणणं. आता गंमत बघा, हा नियम सगळ्यात जास्त वेळा लागू व्हायचा तो तिलाच. वर्गाची फरशी कायम लखलखीत असायची ती तिच्या तापट डोक्याच्या कृपेनं.

वर्ग भरायचा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी, लोक आपापली कामं आटोपून आले की. भिंतींवर जुन्या शाईचे डाग, खिडक्या उंच, मधे जाडजूड टेबलं आणि प्रत्येक टेबलाला लाकूड घट्ट धरायला एक लोखंडी शिकंजा. एका कोपऱ्यात उभं ड्रिल मशीन. शिकायला येणारी सगळी संसारी, जाणती माणसं. त्यात एक निवृत्त कंडक्टर होता. घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करायचा त्याला कंटाळा आला होता, आणि बायकोला त्याहून जास्त. एक दातांची डॉक्टरीण होती. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून झालं की तिला संध्याकाळी न बोलणारं काहीतरी हातात हवं असायचं. आणखी चारदोन जण होते. आणि सगळ्यात मागच्या टेबलावर ताईची वहिनी, सख्ख्या मोठ्या भावाची बायको.

आत यायच्या आधी दारात रांग लागायची. ताई एकच शब्द बोलायची, "हात."

हात पुढे करायचे. आधी तळवे, मग उलटे. अंगठी, घड्याळ, कडं, जे काही असेल ते दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात. बाह्या कोपराच्या वर. केस बांधलेले, गळ्यातली साखळी कपड्याच्या आत. मग टेबलाकडे जायची परवानगी.

पहिल्याच दिवशी कंडक्टर म्हणाला, "ताई, शाळेत नखं तपासायचे, त्याची आठवण झाली."

"नखांचं मला काही पडलेलं नाही," ताई म्हणाली. "तुम्ही जाताना बोटं मोजून घ्या. आलात तेवढीच घेऊन गेलात, की झालं माझं काम."

सगळे हसले. ताई हसली नाही. ती हे गमतीनं बोललीच नव्हती.

शिकवण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे तिच्या शिव्या खाल्लेली माणसंसुद्धा कबूल करायची. करवत पहिल्यांदा पुढे रेटायची नाही, आधी आपल्याकडे ओढून खाच पाडायची. लाकूड कोरायची बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त दगा देते, कारण तिच्यावर जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. पटाशी चालवताना दोन्ही हात तिच्या धारेच्या मागेच पाहिजेत. हे शेवटचं सांगून होतं न होतं तोच कंडक्टरनं फळी डाव्या हातानं धरली आणि उजव्या हातानं पटाशी थेट त्याच हाताच्या दिशेनं रेटली. ताईनं त्याचं मनगट पकडलं, पटाशी काढून घेतली, टेबलावर ठेवली, आणि एक शब्द न बोलता झाडू घेतला.

"काय झालं?" कंडक्टरनं हळूच विचारलं.

"तुमच्या हाताला भोक पडायचं राहिलं," डॉक्टरीण म्हणाली. "शिकंजा शोभेला लावलाय का?"

वहिनीला असं काही सांगावं लागत नसे. दादाचं, म्हणजे ताईच्या भावाचं, सुतारकामाचं दुकान होतं. बापानं उभं केलेलं, बाप गेल्यावर दादाकडे आलेलं. वहिनी इतकी वर्षं दुकानाच्या पुढच्या बाजूला बसली, गिऱ्हाइकांशी बोलली, आणि मागून येणारा करवतीचा आवाज ऐकत राहिली. दुकानातला जुना कारागीर सोडून गेला तेव्हा ती म्हणाली, आता मीच शिकते. दादा हसला. पण ती शिकली. तिनं जोडलेल्या दोन फळ्यांचा सांधा असा बसायचा की मधे कागद सरकायचा नाही. ताई तिच्या टेबलाशी आली की जरा जास्तच वेळ थांबायची, आणि तिच्या कपाळावरची आठी तेवढ्यापुरती जायची. या हाताचं काही वाकडं होऊ नये, असं तिला मनातून वाटायचं. देवाला नाही, स्वतःलाच बजावायची ती.

कारण दादाच्या हाताचं काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

दादा उजव्या हातात कायम चामड्याचा मोजा घालायचा. लोकांना वाटायचं ऐट आहे. एवढा नावाजलेला सुतार, एवढी ऐट चालायचीच. त्या मोज्यातली शेवटची दोन बोटं खोटी होती, कापूस भरलेली. एवढं घरात आणि धंद्यातल्या सुतारांना माहीत होतं. वहिनीलाही माहीत होतं, लग्नाआधीच सांगितलं होतं तिला: करवतीनं नेली. आणि हे धडधडीत खोटं होतं.

खरं असं होतं. ताई आणि दादा दोघं तेव्हा बापाच्या हाताखाली शिकत होते. सकाळ गारठ्याची होती, आणि दादा हातमोजे घालून ड्रिलपाशी उभा राहिला. बाप म्हणाला, काढ ते. दादा म्हणाला, काही होत नाही. भोक पाडणाऱ्या फिरत्या बिटाशी जमलेला भुसा त्यानं हातानं झटकला, मोज्याचं टोक बिटात अडकलं, आणि मशीननं मोजा गरकन गुंडाळून घेतला, आतल्या बोटांसकट. स्विच बंद केला तो ताईनं. बिटाला गुंडाळलेला मोजा सोडवला तोही ताईनंच, आणि तो रिकामा नव्हता. त्यानंतर आईनं तिला बाजूला घेऊन शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. त्या धंद्यातली रीतच तशी. करवतीनं बोट नेलं तर बाकीचे सुतार म्हणतात, खूप काम केलेला माणूस. मोज्यानं नेलं तर हसतात. बाप सांगत असताना मोजा घालून ड्रिलपाशी उभा राहिलेला पोरगा पुढे दुकान काय चालवणार, असं म्हटलं असतं लोकांनी. मग आईनंच कापूस भरून तो पहिला मोजा शिवला. ज्या वस्तूनं बोटं नेली तीच वस्तू पोराच्या हातात चढवली, आणि पोरीच्या तोंडाला कुलूप लावलं. ताईला दुकान मिळालं नाही याचा राग तिनं केव्हाच गिळला होता. या मोज्याचा राग मात्र तिला गिळता आला नाही.

एका संध्याकाळी दादा वहिनीला घ्यायला लवकर आला. ताई तेव्हा मागच्या अंगणात डॉक्टरिणीला घेऊन फळ्या निवडत होती. कोणती सरळ, कोणती पिळलेली, ते दाखवत होती. परत येऊन बघते तर वर्गात हा घोळका, आणि मधे दादा, ड्रिलपाशी, मोजा चढवलेल्या हातानं फळी धरून. भराभर भोकं पाडत होता. एका ओळीत, एका मापाची, आणि लोक आ वासून बघत होते.

"बंद कर," ताई म्हणाली.

दादानं शेवटचं भोक पाडलं, मगच बंद केलं. "काय झालं?"

"इथे मोजा घालून मशीनला हात लावायचा नाही. तुला माहीत आहे."

"शिकाऊ लोकांसाठी ठीक आहे ते," दादा सगळ्यांकडे बघून म्हणाला. "माझी धाकटी बहीण आहे, पण मलाही सोडत नाही बघा." लोक हसले. मग तो तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "इतकी वर्षं मी मोजा घालूनच काम करतोय. झालं का मला काही?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस तिच्याच वर्गात, तिच्याच माणसांसमोर, तिच्याच तोंडाला लावलेल्या कुलपाच्या भरवशावर हे विचारत होता. तिला पक्कं कळलं होतं की त्यालाही ते कळतंय. ती वळली, झाडू घेतला, आणि दादा जाईपर्यंत एकच कोपरा झाडत राहिली.

पुढच्या वर्गाला सगळ्यांनी दारात शहाण्यासारखे हात दाखवले. मोकळे, स्वच्छ. ताई पुढच्या टेबलावर एकाला रंधा धरायला शिकवत होती. रंधा आडवा जात होता, फळीवर ओरखडे उठत होते, म्हणून ती वाकून बघत होती. मागे ड्रिल सुरू झालं. तिनं सहज मान वर केली.

वहिनी ड्रिलपाशी होती. तिच्या दोन्ही हातांत कोरे करकरीत हातमोजे होते. बिट फिरत होतं, आणि वहिनीचा हात भुसा झटकायला पुढे निघाला होता.

ताई ओरडली नाही. ओरडलं की माणूस दचकतो, आणि दचकलेला हात कुठे जाईल सांगता येत नाही. ती दोन ढांगांत भिंतीशी पोचली आणि मेन स्विच खाली ओढला. मशीनबरोबर दिवेही गेले. अंधारात बिट घरघरत घरघरत थांबलं.

"मोजे कोणी आणले?" अंधारातच तिनं विचारलं.

"मी," कंडक्टरचा आवाज आला. "सगळ्यांसाठी आणले. दादा वापरतात म्हटल्यावर… तुम्ही हात बघता ना दारात, म्हणून म्हटलं आत आल्यावर घालू."

"माझ्या पाठीमागे."

डॉक्टरिणीनं स्विच वर केला. दिवे आले तेव्हा ताईचा चेहरा असा होता की पुढच्या टेबलावरच्या माणसानं रंधा आपणहून खाली ठेवला.

"काढा सगळ्यांनी," ताई म्हणाली. "पटाशीनं खरचटू नये म्हणून घालताय? खरचटू दे. कातडी भरून येते. फिरत्या मशीनपाशी मोजा अडकला की तो फाटत नाही, हात ओढून नेतो. उघडा हात निसटतो, मोज्यातला निसटत नाही. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हा काय कान घरी ठेवून आला होतात?"

वहिनीनं मोजे काढले, पण खाली मान घालून नाही. "ताई, रागावू नका, पण मग ह्यांना कसं काही होत नाही? ह्यांनीच सांगितलं मला मोजे घाल म्हणून. दुकानात मी आता घालूनच ड्रिल चालवते."

"दुकानात?"

"हो. रोज."

ताईनं तोंड उघडलं. आईची शपथ आठवली. सगळा वर्ग कारण ऐकायला थांबला होता, आणि खरं कारण सोडून बाकी सगळं तिला सांगता येत होतं. "आजचा वर्ग संपला," ती म्हणाली. झाडूसुद्धा घेतला नाही तिनं. त्या दिवशी झाडूचं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला दादा आला तेव्हा ती पायरीवर बसलेली होती.

"वहिनीला मोजे घालून ड्रिलपाशी उभी करतोस?" ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

दादानं कुलूप काढलं. "आत ये. रस्त्यात नको."

"रस्त्यातच. तिला का सांगितलंस घाल म्हणून?"

"तिनं विचारलं, तुम्ही घालता तर मी का नको. मी काय सांगणार होतो?"

"खरं."

दादा आत जाऊन स्टुलावर बसला. ताई मागोमाग गेली. जुनं ड्रिल अजून तिथेच होतं, बापाच्या वेळचं, तेच. त्याच्या टेबलावर वहिनीचे मोजे घडी करून ठेवले होते. ते बघून ताईचं उरलंसुरलं भान गेलं.

"हेच मशीन," ती म्हणाली. "हेच. आणि यावर तू बायकोला तसंच उभं केलंस. तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"गिऱ्हाईक काय म्हणेल? सुतार काय म्हणतील? सगळं आयुष्य मी करवत म्हणत आलोय. आता या वयात हसं करून घेऊ?"

"हसू देत."

"तुला आईची शपथ आहे."

"आई गेली," ताई म्हणाली. "वहिनी आहे. माझ्या वर्गात आज सगळे येतील. तू ये आणि सांग. नाही आलास तर मी सांगेन, आणि मी सांगेन तेव्हा तुझी लाज राखून सांगणार नाही. तुझं खोटं आजवर मी पोटात ठेवलं, तर तू मलाच माझ्या वर्गात खोटं पाडलंस. आता बास."

ताईनं टेबलावरचे मोजे उचलले, बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि चालू पडली. घरी जाऊन तिनं ओटा घासला, खिडक्या पुसल्या, कपाटाच्या मागची धूळसुद्धा काढली. तरी राग उतरला नाही.

संध्याकाळी दारात रांग लागली. सगळ्यात पुढे कंडक्टर, हातात मोज्यांची पिशवी. "दुकानदारानं परत घेतले नाहीत," तो म्हणाला. "बागकामाला देतो बायकोला."

"द्या. हात."

कंडक्टर आत गेला. डॉक्टरीण गेली. वहिनी आली. ती अजून रुसलेली होती, हात पुढे केले ते ताईकडे न बघता. आणि तिच्या मागे दादा उभा होता, मोजा घालून.

वर्गात चुळबूळ झाली. आज पुन्हा काहीतरी बघायला मिळणार म्हणून दोघंतिघं खूश होऊन पुढे सरकले.

"हात," ताई म्हणाली. जसं सगळ्यांना म्हणायची तसंच.

दादानं डावा हात पुढे केला. मग उजव्या हाताच्या मनगटाशी चाचपडत राहिला. मोज्याचा बंद सुटेना. वहिनी मदतीला पुढे झाली.

"त्याला करू दे," ताई म्हणाली.

शेवटी त्यानं दातांनी बंद सोडला आणि मोजा ओढून काढला. तो जवळच्या टेबलावर ठेवला. मोज्यातली दोन बोटं भरलेली, ताठ, तशीच राहिली. कंडक्टरनं ती बघितली, मग दादाचा हात बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरून गेलं.

"करवतीनं?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"सगळ्यांना मी तसंच सांगत आलो," दादा म्हणाला. त्यानं बोटं नसलेला हात वर करून कोपऱ्यातल्या ड्रिलकडे दाखवलं. "करवतीनं नाही. तसल्या मशीननं. हातात मोजा होता. वडील काढ म्हणत होते. मी म्हटलं, काही होत नाही. मोज्यानंच नेली."

डॉक्टरिणीनं नकळत आपल्या एका हाताची बोटं दुसऱ्या हातात धरली होती.

वहिनीला तो हात नवा नव्हता, रोज बघितलेला होता, रात्री हातात घेतलेला होता. आधी तिनं नवऱ्याकडे बघितलं. "आणि मला मोजे घालून त्याच मशीनपाशी उभी केलीत," ती म्हणाली. "घाल म्हणालात. काही होत नाही म्हणालात."

दादानं मान खाली घातली.

मग ती ताईकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

ताईनं या संध्याकाळची दिवसभर तयारी केली होती. दादा काय म्हणेल, आपण काय म्हणायचं, लोक काय विचारतील, सगळं. हा प्रश्न तिच्या तयारीत कुठेच नव्हता.

"होतं," ती म्हणाली.

"लग्नाच्या आधीपासून."

"हो."

"मी कितीदा विचारलं तुमच्यापाशी बसून, कसं झालं असेल हो, किती दुखलं असेल. तुम्ही गप्प राहायचात. मला वाटायचं, तुम्हालाही आठवून वाईट वाटतं." वहिनी एक पाऊल पुढे आली. "काल तुम्ही कान कुठे ठेवले म्हणून सगळ्यांसमोर रागावलात माझ्यावर. मला सांगितलं असतंत तर मी त्या मशीनपाशी गेले तरी असते का?"

ताईकडे आईची शपथ होती, पण तिचं नावही तिनं काढलं नाही. सवयीनं ती कोपऱ्यात गेली आणि झाडू उचलला. फरशीवर भुशाचा कण नव्हता. अजून कोणी काही कापलंच नव्हतं.

वहिनी तिच्या मागे आली. तिनं बाह्या वर केल्या आणि हात पुढे केला.

"द्या इकडे," ती म्हणाली. "आधी मला."

ताईनं झाडू तिच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. वहिनीनं दारापासून झाडायला सुरुवात केली. सगळा वर्ग, दादासुद्धा, पाय उचलून तिला वाट करून देत राहिला.